स्पॅनिश कायद्याची मूलतत्त्वे: भारतीय कायदा शिकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

एरंडोल_विधी (प्रश्न)

राम राम मंडळी. एलएल.बी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तौलनिक कायद्याच्या सत्रात माझ्या वाट्याला स्पेन आला आहे. वीस मिनिटे बोलायचे आणि आठ-दहा पानांचे टिपण द्यायचे. जमवलेल्या नोट्स एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून नेमके विचारते:

१) एका नोट्समध्ये लिहिले आहे की स्पेनमध्ये न्यायनिवाडे हा कायद्याचा स्रोतच नाही. दुसरीकडे लिहिले आहे की तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे खालच्या न्यायालयांना पाळावे लागते. यातले कोणते धरू?

२) ऑर्गॅनिक कायदा सर्वांत वर, त्याखाली साधा कायदा, त्याखाली रॉयल डिक्री, डिक्री-लॉ वगैरे, अशी उतरंड एका तक्त्यात दिली आहे. ती बरोबर आहे का?

३) रूढीला तिथे किती किंमत आहे? धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीशी, म्हणजे शेतकऱ्यांनीच पाणी वाटून घेण्याच्या पद्धतीशी, तुलना करता येईल का?

४) वर्गात शेतकरी कुटुंबांतली मुले जास्त आहेत. इसार पावती, सातबारा, मुदत असल्या गोष्टींतून सांगता येईल असे काही सुचवा.

वाघूर

ताई, पहिला प्रश्न आधी सोडवा, बाकीचे त्याच्यामागून येतात.

स्पेनची दिवाणी संहिता, म्हणजे कोदिगो सिविल, १८८९ ची. तिचे सुरुवातीचे प्रकरण १९७४ मध्ये नव्याने लिहिले गेले, आणि आज तुम्हाला हवी आहेत ती कलमे तिथेच आहेत. कलम १ चे पहिले पोटकलम स्रोत तीनच सांगते: कायदा, रूढी, आणि कायद्याची सर्वसाधारण तत्त्वे. न्यायनिवाडा त्या यादीत नाही. म्हणून तुमची पहिली नोट बरोबर. पण त्याच कलमाचे सहावे पोटकलम म्हणते की कायदा, रूढी आणि तत्त्वे यांचा अर्थ लावताना व ती लागू करताना सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे त्रिबुनाल सुप्रेमोने, वारंवार मांडलेले मत कायदाव्यवस्थेला पूरक ठरते. यातला ‘वारंवार’ हा शब्द टिपणात अधोरेखित करा. एकट्यादुकट्या निकालाने असे मत तयार झाले असे सहसा मानत नाहीत, एकाच अर्थाचे किमान दोन निकाल हवेत असा परिपाठ आहे.

आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. स्पेनमध्ये असे सरसकट बंधन नाही. तिथला न्यायाधीश कायद्याला बांधलेला आहे, वरच्या न्यायाधीशाला नाही. मात्र त्रिबुनाल सुप्रेमोच्या मताविरुद्ध निकाल दिला, तर हरणारा पक्ष नेमके तेच कारण दाखवून कासासियोनचे, म्हणजे कायद्याच्या मुद्द्यावरचे त्रिबुनाल सुप्रेमोकडचे, अपील करू शकतो. त्यामुळे व्यवहारात खालची न्यायालये ते मत पाळतात. बंधन थेट नाही, अपिलाच्या धाकाने येते. दुसऱ्या नोटमध्ये हा फरक गळला आहे.

आपल्याकडून तिकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची मुख्य चूक सवयीची असते. प्रश्न समोर आला की आपण आधी निकाल शोधतो. तिथे आधी कलम उघडायचे, त्याचे तुकडे पाडायचे, आणि निकालाकडे शेवटी जायचे. एक कलम घेऊन दाखवतो.

कलम १९०२. त्याचा आशय असा: जो कोणी कृतीने किंवा कृती टाळल्याने, दोषाने वा निष्काळजीपणाने दुसऱ्याचे नुकसान करतो, त्याने ते भरून दिले पाहिजे. अपकृत्याचा सगळा कायदा या एका वाक्यावर उभा आहे. आता आपल्याकडचा प्रसंग घाला. कापूस निघाल्यावर शेतात पऱ्हाटी पेटवली, वारा सुटला, ठिणगी उडून शेजारच्या केळीची बाग होरपळली. स्पॅनिश पद्धतीने उत्तर लिहिताना चार खाने आखायचे. कृती कोणती: पऱ्हाटी पेटवणे. नुकसान कोणते: किती खोडे जळाली, त्यांची किंमत किती. दोष कोणता: वारा असताना पेटवले, भोवती पट्टा नांगरला नाही, पाण्याची सोय ठेवली नाही. आणि कार्यकारण: नुकसान याच आगीने झाले का. एक खाना जरी रिकामा राहिला तरी कलम लागू होत नाही.

आग सालगड्याने लावली असेल तर पुढचे कलम, १९०३. कामावर असलेल्या माणसाच्या कृत्याची जबाबदारी मालकावर येते, आणि आपण पुरेशी दक्षता घेतली होती हे सिद्ध करणे मालकाच्या गळ्यात पडते. मुलांना हे झटकन समजेल, कारण आपल्याकडे अपकृत्याचे असे संहिताबद्ध कलमच नाही, ते निकालांतून गोळा करावे लागते.

कायदा आणि रूढी दोन्ही गप्प असतील तेव्हा सर्वसाधारण तत्त्वे. न्यायाधीशाला ‘यावर कायदा नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. कलम १ च्या सातव्या पोटकलमानुसार स्रोतांच्या आधारे निकाल देणे हे त्याचे अटळ कर्तव्य आहे.

अर्थ कसा लावायचा तेही कलम ३ मध्ये लिहिलेले आहे: शब्दांचा स्वाभाविक अर्थ, मागचापुढचा संदर्भ, कायद्याचा इतिहास, ज्या काळात तो लागू करायचा त्या काळातले सामाजिक वास्तव, आणि मुख्यतः कायद्याचा हेतू. यातला सामाजिक वास्तवाचा निकष १९७४ मध्ये आला. १८८९ ची संहिता आजही चालवता येते, त्यामागे हा मोठा आधार आहे.

यावल_दिवाणी

दुसऱ्या प्रश्नातला तक्ता फाडून टाका, तो चुकीचा आहे.

वर १९७८ चे संविधान. ६ डिसेंबर १९७८ ला त्यावर सार्वमत झाले आणि २९ डिसेंबरला ते राजपत्रात येऊन त्याच दिवशी लागू झाले. एकूण १६९ कलमे. कलम ९ चे तिसरे पोटकलम तोंडपाठ असू द्या, कारण तुमच्या विषयाचे शीर्षक जणू तेच आहे: कायदेशीरपणा, नियमांची उतरंड, नियमांची प्रसिद्धी, शिक्षा करणाऱ्या व प्रतिकूल नियमांना पूर्वलक्षी परिणाम नसणे, कायद्याची निश्चितता, सत्तेची जबाबदारी, आणि सत्तेच्या मनमानीला बंदी.

संविधानाखाली कायद्याच्या दर्जाचे नियम. लेय ओर्गानिका, म्हणजे तुमचा ऑर्गॅनिक कायदा, आणि साधा कायदा हे एकाच पायरीवर आहेत. फरक विषयाचा आणि मतांचा. मूलभूत अधिकारांची अंमलबजावणी, स्वायत्त प्रदेशांच्या सनदा, निवडणूक व्यवस्था हे विषय लेय ओर्गानिकाचे, आणि त्यासाठी कनिष्ठ सभागृहात पूर्ण मसुद्यावर अंतिम मतदानात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. साध्या कायद्याने त्या विषयात शिरकाव केला तर तो ‘खालचा’ म्हणून पडत नाही, त्याला तो विषयच दिलेला नाही म्हणून पडतो. परीक्षेत नेमका हाच मुद्दा विचारतात.

आता नावांचा घोळ. तिन्हींत ‘देक्रेतो’ आहे म्हणून सगळे फसतात.

रेआल देक्रेतो-लेय हा आपला वटहुकूम. असाधारण आणि तातडीची गरज असेल तरच सरकार काढू शकते. तीस दिवसांच्या आत कनिष्ठ सभागृहात तो संपूर्ण चर्चेला येऊन मंजूर किंवा नामंजूर झालाच पाहिजे. आपल्याकडे संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे मोजतात, तिथे काढल्यापासून तीस दिवस. मूलभूत अधिकार, राज्याच्या पायाभूत संस्था, स्वायत्त प्रदेशांची व्यवस्था आणि निवडणूक कायदा यांना तो हात लावू शकत नाही.

रेआल देक्रेतो लेहिस्लातिवो म्हणजे संसदेने आधी अधिकार सोपवल्यावर सरकारने तयार केलेला कायदा. विखुरलेले कायदे एकत्र करून एक सलग मजकूर बनवायचा असेल तेव्हा हा वापरतात. कामगारांचा मूळ कायदा या रूपात आहे. याचाही दर्जा कायद्याचाच.

आणि नुसता रेआल देक्रेतो म्हणजे मंत्रिमंडळाने काढलेला नियम. तो कायद्याच्या खाली. त्याखाली मंत्र्याचा आदेश.

शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे. नियम कायद्याविरुद्ध असेल तर कोणताही न्यायाधीश तो बाजूला ठेवू शकतो. पण संसदेचा कायदा संविधानाविरुद्ध वाटला तर साधा न्यायाधीश तो रद्द करू शकत नाही. त्याने प्रकरण थांबवून कलम १६३ प्रमाणे घटनात्मक न्यायालयाकडे प्रश्न पाठवायचा. आपले उच्च न्यायालय अनुच्छेद २२६ खाली कायदा घटनाबाह्य ठरवू शकते, तसे तिथे होत नाही. घटनात्मक न्यायालय बारा जणांचे, मुदत नऊ वर्षे, दर तीन वर्षांनी एक तृतीयांश बदलतात. ते न्यायपालिकेचा भागच नाही, संविधानात त्याचे प्रकरण वेगळे आहे. म्हणून ‘स्पेनचे सर्वोच्च न्यायालय’ म्हणताना कोणते ते स्पष्ट लिहा.

मूलभूत अधिकारांचा आम्पारो अर्ज मात्र आपल्या अनुच्छेद ३२ सारखा समजू नका. आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. तिथे न्यायालयीन निर्णयाने हक्क मोडला असेल तर साधी न्यायालये आधी संपवावी लागतात, मगच घटनात्मक न्यायालय, आणि तेही तीस दिवसांत.

युरोपीय संघाचा कायदा या सगळ्याच्या शेजारी उभा आहे. स्पेन १ जानेवारी १९८६ पासून सदस्य आहे, आणि संघाच्या कायद्याशी विसंगत देशी कायदा न्यायाधीशाने लागू करायचा नसतो. एका परिच्छेदात एवढे पुरे.

पांझराकाठ

फड पद्धतीचा मुद्दा फार चांगला काढलात ताई, पण तुलना बेतानेच करा.

कलम १ चे तिसरे पोटकलम रूढीला तीन कुंपणे घालते. लागू होणारा कायदा नसेल तरच रूढी. ती नीतीच्या आणि सार्वजनिक व्यवस्थेच्या विरुद्ध नको. आणि ती सिद्ध झाली पाहिजे. सिद्ध करण्याचे ओझे रूढी सांगणाऱ्यावर. दिवाणी प्रक्रिया कायद्याच्या, म्हणजे २००० सालच्या पहिल्या कायद्याच्या कलम २८१ मध्ये एक सवलत आहे: रूढी आहे आणि ती अमुक अशी आहे हे दोन्ही पक्षांना मान्य असेल आणि सार्वजनिक व्यवस्थेला धक्का लागत नसेल, तर पुरावा लागत नाही.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजाचे उदाहरण इथे जास्त नेमके बसते. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, दोन्हींचे कलम २ चे दुसरे पोटकलम अनुसूचित जमातींना त्या कायद्यांतून वगळते, केंद्राने अधिसूचना काढली तरच ते लागू. म्हणजे तिथे लेखी कायदा मागे सरतो आणि रूढी चालते, पण न्यायालयात ती सिद्ध करावी लागते. पुराव्याची अट दोन्हीकडे सारखी. फरक एवढा की आपल्याकडे कायदाच रूढीला वाट करून देतो, आणि स्पॅनिश संहितेत कायदा नसेल तिथेच रूढीला जागा.

एक अपवाद नोंदवा. नवारा प्रदेशाच्या १९७३ च्या दिवाणी संकलनाने रूढीला स्रोतांत पहिले स्थान दिले. ‘स्पेनमध्ये रूढी दुय्यम’ असे सरसकट लिहिले की परीक्षक नवाराचे नाव घेणार.

आता पाणी. पांझरेवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्याखालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, आणि पाण्याची पाळी ठरवणारी शेतकऱ्यांचीच पंचमंडळी. पाणी देतो पाटकरी. वालेन्सियात तुरिया नदीवर असेच आठ कालवे आहेत: क्वार्त, मिस्लाता, तोर्मोस, फावारा वगैरे. प्रत्येक कालव्याचे शेतकरी आपल्यातून एक सिंदिको निवडतात. हे आठ जण दर गुरुवारी दुपारी बारा वाजता वालेन्सियाच्या कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी बसतात. अल्ग्वासील एकेका कालव्याचे नाव पुकारतो आणि कोणाविरुद्ध तक्रार आहे का विचारतो. तक्रार, जबाब, निर्णय, सगळे तोंडी आणि तिथल्या तिथे. ज्या कालव्याचा वाद, त्याचा सिंदिको निर्णयात भाग घेत नाही. निर्णयावर अपील नाही. युनेस्कोने २००९ मध्ये हे पाणी-न्यायालय आणि मुर्सियाचे असेच मंडळ अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

इथे पाय घसरतो तो असा, की विद्यार्थी लिहितात: बघा, स्पेनमध्ये रूढी कायद्याला हरवते. तसे नाही. संविधानाचे कलम १२५ रूढीने चालत आलेल्या न्यायालयांना मान्यता देते, आणि न्यायपालिकेच्या लेय ओर्गानिकाचे कलम १९ वालेन्सियाचे व मुर्सियाचे नाव घेऊन त्यांना न्यायालयाचा दर्जा देते. म्हणजे ही रूढी लेखी कायद्याच्या खांद्यावर बसलेली आहे. फडाच्या पंचांना आपल्या कायद्याने न्यायालय म्हटलेले नाही. पाण्याची वाटणी, पाळी, आपसातला विश्वास यांत साम्य दाखवा, कायदेशीर दर्जात दाखवू नका.

दस्तलेखा

चौथ्या प्रश्नासाठी जमीन-घराचा व्यवहार घ्या. तत्त्वे यातूनच दिसतात.

आधी करार. कलम १२६१ प्रमाणे तीन गोष्टी लागतात: संमती, विषय आणि काउसा. काउसा म्हणजे करारामागचे कारण, आपला मोबदला नव्हे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात मोबदल्याशिवायचा करार, कलम २५ चे अपवाद सोडले तर, रद्दबातल. तिथे निव्वळ औदार्य हीसुद्धा वैध काउसा असू शकते. कलम १२५५ म्हणते की कायदा, नीती आणि सार्वजनिक व्यवस्था यांना धरून पक्षांनी हव्या त्या अटी घालाव्यात, आणि १२५८ नुसार संमती जुळली की करार झाला. मात्र त्यानंतर जबाबदारी लिहिलेल्या शब्दांपुरती राहत नाही. सद्भाव, वहिवाट आणि कायदा यांतून जे निघते तेही पाळावे लागते.

आता इसार. तिथे आर्रास म्हणतात. समजा घर २,००,००० युरोचे आणि १० टक्के आर्रास दिले, म्हणजे २०,०००. कलम १४५४ प्रमाणे घेणारा फिरला तर त्याचे २०,००० जातात. देणारा फिरला तर त्याने दुप्पट, म्हणजे ४०,००० परत करायचे. वर्गात इथे हात वर येईल: मग दोघांनाही केव्हाही फिरता येते? नाही. हे माघारीचे आर्रास तसे स्पष्ट ठरले असतील तरच. पावतीवर नुसते ‘इसार मिळाला’ एवढेच असेल तर न्यायालये ते कराराची खूण आणि किमतीचा भाग धरतात, आणि समोरचा कराराची पूर्तता मागू शकतो. म्हणून तिथला मसुदा लिहिणारा कलमाचा आकडा पावतीतच घालतो. एवढ्या एका ओळीवर २०,००० युरोची गत ठरते.

पुढची पायरी मालकीची. स्पेनमध्ये करार झाला म्हणून मालकी जात नाही. कलम ६०९: करार आणि ताबा दोन्ही हवेत. घराच्या बाबतीत ताबा म्हणजे किल्ली हातात देणेच असे नाही, कलम १४६२ प्रमाणे नोतारियोपुढे, म्हणजे दस्त करणाऱ्या सार्वजनिक अधिकाऱ्यापुढे, केलेला दस्त हाच ताबा मानला जातो, दस्तात उलट लिहिलेले नसेल तर. नोंदणी विक्रीसाठी अनिवार्य नाही. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, तिथे तसे नाही. गहाणाला मात्र नोंदणी हवीच, त्याशिवाय ते उभेच राहत नाही.

मग लोक नोंदणी का करतात? कलम १४७३ मुळे. एकच घर दोघांना विकले तर ज्याने आधी नोंदवले त्याचे, तो सद्भावाने वागला असेल तर.

सातबाऱ्याची जोडी लावताना फार काळजी घ्या. तिथे दोन वेगळी दप्तरे आहेत. कातास्त्रो हे कराचे दप्तर: जमीन कुठे, केवढी, करासाठी किंमत किती. रेहिस्त्रो दे ला प्रोपिएदाद हे हक्काचे दप्तर: मालक कोण, गहाण किती, जप्ती आहे का. आपला सातबारा महसुली दप्तर आहे, म्हणून त्याची जवळीक कातास्त्रोशी. फेरफार झाला म्हणून मालकी सिद्ध झाली असे आपल्याकडे होत नाही, तसेच कातास्त्रोवर नाव आले म्हणून तिथेही होत नाही. आपले दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, विकणाऱ्याची मालकी खरी आहे याची हमी देत नाहीत. तिथला रेहिस्त्रो मात्र नोंदीतला हक्क खरा असे गृहीत धरतो. नोंदीवर विसंबून, सद्भावाने, मोबदला देऊन घेणाऱ्याने आपला हक्क नोंदवला, तर त्याला तारणविषयक कायद्याचे कलम ३४ सांभाळते. व्यवहाराआधी नोता सिम्प्ले नावाचा उतारा काढतात, त्यात मालक आणि बोजे दिसतात. इसार त्यानंतर द्यायचा.

वारसाहक्कावर दोन वाक्ये पुरेत: देशाच्या सामाईक दिवाणी संहितेखाली मुले असलेल्याने मृत्युपत्राने फक्त एक तृतीयांश मनासारखे द्यायचे. उरलेले दोन तृतीयांश मुलाबाळांच्या रेषेत राहतात, त्यातला एक तृतीयांश त्यांच्यातल्या कोणाला जास्त देण्यासाठी वापरता येतो. कातालोनिया, आरागोन, नवारा, बास्क प्रदेश, गालिसिया आणि बालेआरेस बेटे यांचे या बाबतीत स्वतःचे दिवाणी कायदे आहेत. कोणाला कोणता लागू हे त्याच्या दिवाणी रहिवासावर ठरते: दोन वर्षे राहून जाहीर केले तर, किंवा न बोलता दहा वर्षे राहिले तर, रहिवास बदलतो.

एरंडोल_विधी

सगळ्यांचे मनापासून आभार. मुदतीचे राहिले. शेजाऱ्याची बाग जळाली त्या उदाहरणात दावा किती दिवसांत आणायचा? आणि आपल्या मुदत कायद्याशी तुलना करताना काय पाहायचे?

यावल_दिवाणी

त्या उदाहरणात एक वर्ष. कलम १९६८, नुकसान झालेल्याला कळल्यापासून. करारातून येणे असलेल्या रकमेसाठी पाच वर्षे, कलम १९६४. जुन्या पुस्तकांत पंधरा दिसेल, ते २०१५ च्या दुरुस्तीआधीचे. आपल्याकडे करारावर सहसा तीन.

पण आकड्यांपेक्षा दोन यंत्रणा दाखवा, खरा फरक तिथे आहे.

पहिली. कलम १९७३: न्यायालयाबाहेर लेखी मागणी केली तरी मुदत तुटते आणि पहिल्यापासून मोजायला लागते. म्हणून तिथे वकील आधी बुरोफाक्स, म्हणजे टपालाची प्रमाणित नोटीस, पाठवतात, कारण त्यात मजकूर आणि पोहोच दोन्हींचा पुरावा राहतो. समजा आग १० मार्चची आणि त्याच दिवशी कळले. पुढच्या वर्षी १ मार्चला मागणी पोहोचली, तर नवे वर्ष १ मार्चपासून. आपल्याकडे नुसत्या नोटिशीने मुदत वाढत नाही, समोरच्याने मुदतीच्या आत लेखी कबुली दिली पाहिजे किंवा रक्कम भरली पाहिजे, मुदत कायद्याची कलमे १८ आणि १९. भारतीय सवयीचा विद्यार्थी हे विसरून उत्तरात दावा मुदतबाह्य ठरवतो.

दुसरी. मुदत संपली हे प्रतिवादीने सांगावे लागते, न्यायाधीश आपणहून पाहत नाही. आपल्याकडे कलम ३ मुळे बचावात मांडले नसले तरी न्यायालयाने दावा फेटाळायचा. स्पेनमध्ये कादुसिदाद नावाची दुसरी मुदत आहे, ती मागणीने तुटत नाही आणि तीच न्यायाधीश आपणहून पाहतो. प्रश्नात मुदत आली की पहिली नोंद ही: प्रेस्क्रिप्सियोन (मागणीने तुटणारी, वर सांगितलेली मुदत) की कादुसिदाद.

दिवस मोजण्यात तीन पद्धती आहेत. दिवाणी संहितेच्या कलम ५ खाली सुट्ट्या वगळत नाहीत, पहिला दिवस सोडून मोजायचे, महिने तारखेला तारीख. ३१ जानेवारीपासून एक महिना म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. न्यायालयीन कामाचे दिवस मोजताना सुट्ट्या वगळायच्या, आणि ऑगस्ट महिना तातडीची कामे सोडून बंद. सरकारी कचेरीतले अर्ज २०१५ च्या एकोणचाळिसाव्या कायद्याखाली: दिवसांत सांगितलेली मुदत म्हणजे कामाचे दिवस, शनिवार-रविवारही बाद. आपल्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १० प्रमाणे शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर दुसरा दिवस मिळतो, तो आधार दिवाणी संहितेत गृहीत धरू नका.

आणखी एक, नवीन. ३ एप्रिल २०२५ पासून बहुतेक दिवाणी दाव्यांआधी वाटाघाट किंवा मध्यस्थीचा प्रयत्न केल्याचे दाखवावे लागते. २०२५ च्या पहिल्या लेय ओर्गानिकाने हे आणले, आणि त्याच कायद्याने खालच्या पातळीवरची एकेकट्या न्यायाधीशाची न्यायालये जाऊन प्रथम न्यायाधिकरणे आली. तुमच्या नोट्स त्याआधीच्या असतील तर न्यायालयांचा तक्ता बदला.

वाघूर

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

फौजदारी तत्त्वासाठी १९९५ ची संहिता घ्या. कायद्यात नाही तो गुन्हा नाही, हे कलम १. कलम २ सांगते की आरोपीला अनुकूल असलेला नंतरचा कायदा मागे जाऊन लागू होतो, शिक्षा भोगत असलेल्यालाही. याचे जिवंत उदाहरण म्हणजे लैंगिक स्वातंत्र्याचा २०२२ चा दहावा ऑर्गॅनिक कायदा. त्यात काही गुन्ह्यांची किमान शिक्षा खाली आली, आणि आधीच शिक्षा झालेल्या अनेकांच्या शिक्षा या तत्त्वाने कमी झाल्या. संसदेने २०२३ मध्ये चौथ्या ऑर्गॅनिक कायद्याने शिक्षा पुन्हा वाढवल्या, पण ती वाढ मागे जाऊ शकली नाही, कारण प्रतिकूल कायदा मागे जात नाही. एकच घटना, तत्त्वाच्या दोन्ही बाजू.

दुसरे, शब्द. हे चुकले तर सगळे टिपण वाकडे जाते. सेन्तेन्सिया म्हणजे शिक्षा नव्हे, न्यायनिर्णय, दिवाणीचाही. हुरिस्प्रुदेन्सिया म्हणजे आपला विधिशास्त्राचा पेपर नव्हे, सर्वोच्च न्यायालयाचे सातत्याचे मत. माहिस्त्रादो हा खालचा दंडाधिकारी नव्हे, वरच्या दर्जाचा न्यायाधीश. फिस्काल म्हणजे सरकारी अभियोक्ता, पैशाशी संबंध नाही. नोतारियो म्हणजे शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो स्पर्धा परीक्षेतून आलेला सार्वजनिक अधिकारी, आणि दस्त कायदेशीर आहे ना, पक्षांना समजला आहे ना, हे पाहणे त्याचे काम. वकिलांतही दोन प्रकार: बाजू मांडणारा आबोगादो आणि पक्षाच्या वतीने कागद दाखल करणारा-घेणारा प्रोकुरादोर. २,००० युरोपर्यंतच्या तोंडी दाव्यांत दोघांशिवाय जाता येते.

कलमे वाचताना सरकारी राजपत्राच्या संकेतस्थळावरचा एकत्रित मजकूर उघडा. प्रत्येक कलमाखाली दुरुस्त्यांच्या तारखा असतात, त्या तारखेचा जुना मजकूरही तिथेच निवडता येतो. हा एकत्रित मजकूर माहितीपुरता असतो. अधिकृत धरायचा तो त्या त्या दिवशीच्या राजपत्रातला. आणि कायदा छापल्या दिवशी लागू झाला असे समजू नका: दुसरे काही लिहिले नसेल तर पूर्ण प्रसिद्धीनंतर वीस दिवसांनी, संहितेचे कलम २. टिपणातल्या प्रत्येक कायद्याच्या शेवटच्या तरतुदी उघडून ही तारीख तपासा, ती तिथेच दिलेली असते.